भिंतीवरची उल्हास

स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की आपल्याकडच्या भिंतींना पालवी फुटते, ही गोष्ट अत्यंत स्तुत्य आहे. रंगवलेलं झाड पानं गाळत नाही, रस्ता रुंदीकरणाच्या आड येत नाही. शिवाय स्वच्छ भारत अभियानाचं २०१४ सालापासूनचं बोधचिन्ह, म्हणजे बापूंचा चष्मा, हवाच. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी तो काढताना एका काचेत ‘स्वच्छ’ लिहिलं, दुसरीत ‘भारत’, आणि डोळे वगळले. भिंतीखालच्या शहाळ्यांचा ढीग आणि फुटका कमोड पाहता याला दूरदृष्टीच म्हणायला हवं.

कल्याणजवळच्या मोहन्यात हा उपक्रम आणखी पुढे न्यावा, अशी नम्र सूचना आहे. उल्हास नदी भिंतीवरच वाहावी, निळीशार, जलपर्णीविना. २००९ पासून बंद असलेल्या एनआरसी या रेयॉन कारखान्याच्या कुंपणावर धूर सोडणारं धुराडं, पहिल्या पाळीचा भोंगा आणि हसतमुख कामगार रंगवावेत. कामगारांच्या थकीत देण्यांसाठी कोपऱ्यात एक टेबल, त्यावर नोटांची चळत. (गर्दी होऊ नये म्हणून समोर दोरीही काढावी.)

सगळं ठरलं होतं, पण रंगारी अरसिक निघाला. आगाऊ रक्कम म्हणून कागदावर सुबक रंगवलेल्या नोटा पुढे केल्या, तर म्हणतो, “मग समजा ना साहेब, भिंत रंगवून झाली!”