गीझर-दुरुस्तीच्या वाजवी मोबदल्याविषयी गृहस्थांस मार्गदर्शन

ज्या गृहस्थाच्या न्हाणीघरातला गीझर नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला तेल-उटणे लागल्यानंतर आणि घरातील वडीलधाऱ्यांनी स्नानाचा क्रम जाहीर केल्यानंतर, कोणतीही पूर्वसूचना न देता थंड पाणी देऊ लागतो, त्याच्या ठिकाणी त्या घटकेला न्यायबुद्धी शिल्लक राहत नाही, हे प्रस्तुत मार्गदर्शनाचे पहिले गृहीतक आहे. अशा अवस्थेत तो मेकॅनिकला दूरध्वनी करतो, ‘पैशाचं नंतर बघू, पण आत्ता या’ असे शब्द उच्चारतो, आणि पाणी एकदा वाफाळू लागले की तोच गृहस्थ, टॉवेल खांद्यावर टाकून, दोन स्क्रू फिरविण्याचे एवढे पैसे कसले, या मुद्द्यावर मेकॅनिकचे जाबसाल घेऊ लागतो. वाजवी मोबदल्याचा निर्णय या दोन घटकांच्या दरम्यान कोठेतरी व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. तांब्याच्या बंबाला थर्मोस्टॅट नव्हता, त्यामुळे थर्मोस्टॅट गेल्याचे सांगणारा इसमही नव्हता. बंब गळू लागला तर ती गळती घरातल्या पोराटोरांनाही दिसे, तो पुण्याच्या तांबट आळीत नेऊन डाग देऊन आणला जाई, आणि जी काय घासाघीस व्हावयाची ती दोन्ही पक्षांना सारखेच दिसणाऱ्या एका भोकाविषयी होई. विजेच्या गीझरने हे साक्षित्व नष्ट केले. त्याचा बिघाड पत्र्याच्या आवरणाआड असतो. आवरण काढणारा एक, निदान करणारा तोच, सुटा भाग विकणारा तोच आणि देयक लिहिणारा तोच. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही तिन्ही पदे एकाच्याच हवाली करून निवाडा आपल्या बाजूने लागेल अशी आशा बाळगणे हे, सौम्य शब्दांत सांगावयाचे तर, भाबडेपणाचे आहे.

शास्त्राधार पाहू गेल्यास कौटिल्याकडे जावे लागते. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नाव ‘कंटकशोधन’ आणि त्यातील पहिल्याच अध्यायाचे नाव ‘कारुकरक्षण’. म्हणजे प्रजेला बोचणारे काटे उपटावयाचे ठरल्यावर आचार्यांची दृष्टी चोर-दरोडेखोरांच्याही आधी कारागिरांवर गेली, यावरून त्यांच्याही घरी काहीतरी दुरुस्तीस निघाले असावे असा तर्क करण्यास जागा आहे. ठरल्या वेळी काम न करणाऱ्या कारागिराच्या वेतनाचा चतुर्थांश कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा, असा त्यांचा हुकूम आहे. हा नियम ‘उद्या सकाळी येतो’ या प्रचलित वाक्यास लावून पाहिला असता चार सकाळींनंतर मेकॅनिकच आपला देणेकरी होतो, हिशेबाच्या वहीत मोठी रक्कम जमेस पडते, आणि गीझर मात्र बंदच राहतो. मौर्य साम्राज्याजवळ दंड वसूल करणारे अधिकारी होते; आपल्याजवळ सोसायटीचा वॉचमन आहे, आणि तो मेकॅनिकच्या गावचा निघण्याचा संभव फार.

तेव्हा दंडनीतीचा मार्ग सोडून गृहस्थाने थोडे ज्ञान संपादन करावे हे बरे. गीझर म्हणजे एक टाकी, बहुधा १५ किंवा २५ लिटरची; तिच्या पोटात २००० वॅटची कॉइल; पाणी पुरेसे तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट; थर्मोस्टॅटने कर्तव्यात कसूर केल्यास त्याच्यावर नेमलेला कटआउट; आणि टाकीला गंज लागू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतः झिजत जाणारी मॅग्नेशियमची एक कांडी, जिच्या अस्तित्वाची वार्ता बहुतेक कुटुंबांना ती नामशेष झाल्यानंतर लागते. वाघोली-उंड्रीकडे बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत जड पाण्यातले क्षार कॉइलवर थराथराने बसतात. तो थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत अधिकाधिक तापते आणि एके दिवशी जळते. असे झाल्यास मेकॅनिकचा दोष नाही, बिल्डरचा आहे, आणि त्याच्याकडून दुरुस्तीचा खर्च वसूल करण्याची रीत प्रस्तुत लेखकास अवगत असती तर त्याने ती प्रथम स्वतःच्या उपयोगास लावली असती.

‘कॉइल गेली’ हे वाक्य ऐकू येताच गृहस्थाने पाकिटाकडे हात नेऊ नये. ‘दादा, जरा मीटर लावून दाखवता का?’ असे अत्यंत सौम्य स्वरात विचारावे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम भरतो. मीटरचा काटा किंवा आकडा त्या सुमारास थांबला तर कॉइल अखंड आहे, आणि काहीच दाखवीत नसेल तर ती खरोखर तुटली आहे. आकडा सव्वीसच आला तरीही, साहेब, ही बॉडीला करंट देतेय, म्हणून बदलावी लागेल, असे जो मेकॅनिक समजावून सांगतो, त्याला त्याच्या धंद्याची चांगली माहिती आहे असे समजून पुढील सर्व प्रश्न रहित करावेत. उलट, टाकीच गळत असता ‘वेल्डिंग मारून देतो’ असे म्हणणाऱ्यास जिन्यापर्यंत पोचवून यावे. हल्लीच्या पुष्कळ टाक्यांच्या आत काचेचा लेप असतो, वेल्डिंगच्या आचेने तो तडकतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत तीच टाकी दुसऱ्या जागी गळू लागते. टाकीची हमी बहुधा कॉइलच्या हमीहून लांब मुदतीची असते; म्हणून असल्या प्रसंगी आधी हमीपत्र शोधावे. ते रेशनकार्डाच्या फाइलीत सापडते.

आता मुख्य बाब. पुष्कळदा बिघाड म्हणजे कटआउटवरचे एक लहानसे बटण उडालेले असते. मेकॅनिक मेन स्विच बंद करतो, स्टुलावर चढतो, तळचे झाकण उघडतो, बटण दाबतो. टक् असा आवाज येतो आणि काम संपते. त्याचे पाचशे रुपये मागण्याचे धैर्य त्याने केले, तर त्या घरात जो प्रक्षोभ उसळतो तो पाण्यावाचून चार दिवस काढतानाही उसळलेला नसतो. बटण दाबण्याचे पाचशे! हा उद्गार ज्याने दहा घरांत ऐकला तो मेकॅनिक अकराव्या घरी बटण दाबीत नाही. तो झाकण उघडतो, दीर्घ निःश्वास सोडतो, ‘वहिनी, थर्मोस्टॅट गेलाय’ असे सांगतो, खाली जाऊन अर्ध्या तासाने एक पुडके घेऊन येतो, आणि आठशे रुपये घेऊन निघून जातो. आणि नवल असे की, या वेळी घरात पूर्ण समाधान असते, कारण पैसे वस्तूचे गेले, ती वस्तू डोळ्यांनी दिसली, आणि जुनी वस्तू आपण टेबलावर ठेवून पाहुण्यांना दाखवू शकतो.

माझे मत विचाराल तर या व्यवहारातला अर्धा गुन्हा आपला आहे. सहाव्या मजल्यापर्यंत येण्याचे, बिघाड ओळखण्याचे आणि ओल्या भिंतीशी वीज हाताळण्याचे दाम आपण रोख द्यावयास कबूल नसतो. म्हणून ते सुट्या भागाच्या किमतीत दडवून आपल्याकडून घेतले जाते, आणि ज्याची किंमत पाकिटावर छापलेली असते त्याची रुजुवात मात्र आपण करीत नाही. पुडके मागून पाहावे, छापील कमाल किंमत वाचावी, आणि मजुरीचा आकडा वेगळा बोलावयास सांगावा. एवढ्यानेही तफावत बरीचशी मिटते. बटण का उडाले, हे शोधून सांगितल्याचे पैसे निराळे द्यावेत आणि ते विनातक्रार द्यावेत; कारण थर्मोस्टॅट खरोखरच चिकटला असेल, तर नुसते बटण दाबून जाणारा दोन दिवसांनी पुन्हा बोलवावा लागतो, आणि दुसऱ्या फेरीची मजुरी पहिलीपेक्षा कधी कमी नसते.

वहीच्या फाडलेल्या पानावर एखादा जण अठरा टक्के जीएसटीही लिहून देतो. पानावर नोंदणी क्रमांक नसेल तर हा कर मागण्याचा अधिकार त्याला नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्यावर नोंदणीची सक्तीही नाही. हे त्याला शांतपणे सांगावे. तो रक्कम कमी करून मजुरीत मिळवील, पण निदान ती सरकारच्या नावाने जाणार नाही.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे मेकॅनिक हात पुसत उभा राहतो आणि ‘साहेब, तुम्ही समजून द्या’ असे म्हणतो. या चार शब्दांपुढे भलेभले नामोहरम झाले आहेत. आकडा सांगितला असता तर आपण तो कमी केला असता. आता आकडा आपल्यालाच काढावयाचा आहे, आणि तो काढताना आपली ऐपत, आपली दानत व समोरच्या फ्लॅटमधील जोशीकाकांनी मागच्या खेपेस काय दिले असेल, या तिन्हींची एकदम परीक्षा होते. अशा वेळी आतल्या खोलीत जाऊन सल्लामसलत करणे निषिद्ध होय; भिंती पातळ असतात. ‘नेहमी किती घेता?’ हा एकच प्रश्न उपयुक्त आहे, आणि तोही झाकण उघडण्यापूर्वी विचारलेला.

चहाचे काय, असे पुष्कळजण विचारतात. चहा मोबदल्यात धरू नये, मात्र तो अवश्य द्यावा, त्याचे कारण शुद्ध भौतिकशास्त्रातले आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २००० वॅटच्या कॉइलला गणिताने १८ मिनिटे लागतात. म्हणून ‘तासाभरानं बघा, तापेल’ असे सांगून जो लिफ्टचे बटण दाबू पाहतो, त्याला आग्रहाने बसवून, आल्याचा चहा सावकाश उकळून, वीस मिनिटे खुर्चीवर ठेवावे आणि नळ सोडून पाणी त्याच्याच हाताने पाहू द्यावे.

राहता राहिला मुहूर्त. नरकचतुर्दशीपासून संक्रांतीपर्यंत, पुण्यात पारा दहाच्या खाली उतरण्याच्या त्या दिवसांत, गीझरच्या मेकॅनिकशी भावाविषयी बोलणे हा वेळेचा अपव्यय आहे. चैत्र-वैशाखात तोच मनुष्य एसीच्या मागे धावत असतो. क्षार काढणे, कांडी तपासणे असली कामे स्वस्तात व निगुतीने करून घ्यावयाची तर आषाढ उत्तम, परंतु आषाढात तो गावी पेरणीला गेलेला असतो. म्हणून श्रावणाचा पहिला पंधरवडा धरावा, दूरध्वनी दोन दिवस आधी करावा, आणि ‘दहाला पोचतो’ असे उत्तर आल्यास बाराच्या आत आंघोळीची घाई करू नये.