मालवणचा समुद्र पोज देत नाही

समुद्रकिनारी गेलेल्या मराठी कुटुंबाचे फोटो तीन प्रकारचे असतात : तळहातावर मावळता सूर्य धरलेला, हवेत उडी मारलेली आणि उडीनंतर कंबर धरलेली. मालवणला निघताना आमच्या मेहुण्यांनी जाहीर केलं, की असला पोरकटपणा आपण करायचा नाही. त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता. त्याची लेन्स एवढी लांब, की कुठल्याही दारातून आधी ती आत जायची, मग मेहुणे.

पहिला मान सिंधुदुर्गाचा. होडी धक्क्यावरून सुटली तशी मेहुण्यांनी लेन्स रोखली. त्यांना पाण्यातून महाद्वाराचा फोटो हवा होता. तट जवळ आला, आणखी जवळ आला, दरवाजा काही दिसेना.

"अहो, दरवाजा कुठाय?"

"थंयच आसा," होडीवाला शांतपणे म्हणाला.

कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा पाया महाराजांनी 1664 साली घातला, तेव्हाच दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवला, की शत्रूला दुरून सापडू नये. साडेतीनशे वर्षांनंतर हा बेत आमच्या मेहुण्यांवर पुन्हा एकदा यशस्वी झाला. त्यांच्या कॅमेऱ्यात आजही नुसता तट आहे, वेगवेगळ्या अंतरांवरून.

आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. इथल्या शिवरायांच्या मूर्तीला दाढी नाही. कॅलेंडरवरच्या चित्रांची सवय झालेली माणसं गाभाऱ्यापुढे जरा घुटमळतात. एका आजोबांनी तर दबक्या आवाजात विचारलंच, "महाराजच ना?" पुजाऱ्यांनी, रोज हेच ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने, मान हलवली. पुढे दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी! ही म्हणाली, "ताकबाव कशी नाही?" मेहुण्यांनी मात्र प्रत्येक विहिरीत वाकून स्वतःच्या डोक्याच्या सावलीचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉल्फिन. मेहुण्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याबाहेर कमान करून उडी घेणारा, हसऱ्या चेहऱ्याचा डॉल्फिन होता. या किनाऱ्यालगत फिरतात ते बहुतेक पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन. त्यांना सर्कशीची हौस नाही. ते श्वासापुरते वर येतात, कुबड दाखवतात आणि जातात.

"इलो! इलो!" होडीवाला ओरडायचा. सगळी होडी एका बाजूला कलायची. मेहुणे लेन्स फिरवून नेम धरायचे.

"गेलो," होडीवाला म्हणायचा.

असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यालाच दया आली. "सायबानू, कॅमेरो खाली ठेवा आणि डोळ्यांनी बघा." आम्ही पाहिलं. मेहुण्यांकडे पाण्याचे फार उत्तम फोटो आहेत.

पाण्याखालचा फोटो स्कूबावाल्यांनी काढून दिला. तोंडावर मुखवटा, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. घरातल्या सगळ्यांचे फोटो हुबेहूब सारखे आले. माझा फोटो ओळखता येतो, असं सगळे म्हणतात. कशावरून, ते कोणी सांगत नाही.

देवबागला ओहोटीच्या वेळी खेकड्यांनी जमीनभर वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची, असं त्यांचं जेवण. मेहुणे रांगत जवळ गेले. सगळा किनारा एका क्षणात बिळात गेला. मेहुणे श्वास रोखून पडून राहिले. ते हलले नाहीत म्हणून खेकडे वर आले. कॅमेरा उचलला म्हणून परत गेले. दुरून बघणाऱ्या एका बाईंनी आमच्या हिला विचारलं, "यांना बरं नाही का?"

शेवटच्या सकाळी तारकर्लीला रापण लागली होती. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांच्या रांगांनी किनाऱ्यावरून ओढायच्या. पर्यटकांची झुंबड उडाली. दोरीला हात लावायचा, दात दाखवायचे, फोटो काढायचा आणि खरा भार आला की सटकायचं. मेहुण्यांनीही दोरी धरली. मागच्या म्हाताऱ्याने विचारलं, "फोटो झालो आसात तर आता वायच ओढा."

मेहुणे ओढायला लागले. कॅमेरा गळ्यात, मग पाठीवर, मग माझ्याकडे. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यांचे तळहात लाल झाले होते आणि समोर बांगडे चांदीसारखे उडत होते. म्हाताऱ्याने काही न बोलता त्यातले चार त्यांच्या हातावर ठेवले. दुपारी तेच तिरफळ घातलेल्या कालवणात आले, सोबत सोलकढी. सबंध सहलीत मेहुण्यांच्या हाती लागलेली ही एकमेव गोष्ट, आणि तिचा फोटो नाही, कारण कॅमेरा माझ्याकडे होता आणि मी जेवत होतो.

तेव्हा मालवणला जाणार असाल तर पावसाळा टाळा. तेव्हा किल्ल्याच्या होड्या बंद असतात. डॉल्फिन डोळ्यांनी बघा, खेकड्यांना जेवू द्या. आणि पहाटे रापण दिसली तर फोन खिशात घालून दोरी धरा. वाटा ओढणाऱ्याला मिळतो, फोटो काढणाऱ्याला नाही.