कानाचा शेजार

कानात शिट्टी वाजते, रातकिडे किरकिरतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजक्यांच्या कानात मात्र ठेका असतो. धस्, धस्, धस्, थेट नाडीबरहुकूम. जिना चढला की द्रुत, उशीवर कान टेकला की विलंबित. घरचे आधी म्हणतात, ‘बीपी बघून घ्या.’ ते बरोबर निघालं की म्हणतात, ‘मनावर घेऊ नका.’

मला तर नवल वाटतं, आपल्याला हा आवाज ऐकू येत नाही याचं. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आतल्या कानातल्या शंखाला जवळजवळ खेटून जाते. मध्ये जेमतेम हाडाची भिंत, आणि तळमजल्यावर मानेत उतरणाऱ्या शिरेचा फुगवटा. सोसायटीच्या पंपाला लागून फ्लॅट घ्यायचा आणि वर शांतता मागायची, त्यातला हा प्रकार.

कधी कारण अगदीच साधं असतं. हिमोग्लोबिन घसरलं, थायरॉइड बळावला, तर रक्त जोरात धावतं. लोहाच्या गोळ्यांनी मैफल उठते. मळाने कान बंद झाला तरी बाहेरचं कमी आणि आतलं जास्त ऐकू येतं. कधी मेंदूजवळची शीर अरुंद झालेली असते. काही जणांना तिथे स्टेंट घालतात. कधी धमनी परस्पर शिरेला जाऊन मिळालेली असते. ही सोयरीक धोक्याची ठरू शकते. मग जांघेतून बारीक नळी वर नेऊन ती वाट बुजवतात. म्हणून ‘मनावर घेऊ नका’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

सगळ्यांत विलक्षण दुखणं अमेरिकेतल्या लॉइड मायनर यांनी 1998 मध्ये मांडलं. तोल सांभाळणाऱ्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड विरलेलं असतं. मग नाडीच काय, काहींना स्वतःची बुबुळं फिरल्याचाही आवाज येतो! पेपरातली ओळ संपली की खर्र. असा माणूस पंगतीत पापड मोडतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय हलकल्लोळ होत असेल! यावर ऑपरेशन आहे. उघडी पडलेली जागा बुजवतात.

आमच्या मामांचं प्रकरण शिरेचं निघालं. डॉक्टरांनी मानेवर त्याच बाजूला हलकेच बोट दाबलं, आवाज थांबला. बोट काढलं, सुरू. मग कानामागे स्टेथोस्कोप टेकवून हाताखालच्या पोरीला बोलावलं. ती म्हणाली, “येतोय, सर!”

मामांनी छाती फुगवून मामींकडे पाहिलं. मामी पुढे झाल्या, “द्या हो इकडे ते. मीही ऐकते.”