ठिपका हलतो, काम अडतं

औषध कंपनीच्या एमआरकडे, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधीकडे, आज टॅब आहे, फोन आहे, कंपनीचं ॲप आहे. फिरतीवरच्या माणसाचा वेळ वाचावा, असं या सगळ्याचं कारण सांगितलं जातं. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर मात्र ते ॲप त्याचा वेळ खातं आणि साहेबाला नकाशावर त्याचा ठिपका दाखवतं.

ॲप चालतं कसं ते बघा. डॉक्टरच्या दवाखान्याची जागा नकाशावर पक्की केलेली असते. तुमचा फोन त्या जागेच्या ठरलेल्या अंतरात असेल तरच भेट नोंदली जाते. कागदावर बरं दिसतं. पण मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून उत्तर कर्नाटकातले पेशंटही मिरजेची वाट धरतात. तिथले तज्ज्ञ डॉक्टर ठरलेल्या वारी विटा, तासगाव, जत अशा गावांत ओपीडी करतात. एमआर तिथे जाऊन त्यांना भेटतो, नवं औषध समजावतो, सॅम्पल देतो. काम चोख झालेलं असतं, पण ॲपला ते मान्य नसतं, कारण त्याच्या लेखी डॉक्टर मिरजेत आहेत! मग मॅनेजरला फोन, स्क्रीनशॉट, खुलासा. पाच मिनिटांच्या भेटीसाठी अर्धा तास हिशेब.

पाटण-जावळीच्या डोंगरवळणांत आणखी वेगळं दुखणं. रेंज तुटते. भेट झाली, नोंद गेली नाही. ज्या ॲपमध्ये रेंजशिवाय माहिती साठवायची सोय नाही, ते मुंबईतल्या काचेच्या केबिनमध्ये बसून केलेलं ॲप आहे. कोयनानगरच्या फिरतीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. रेंज आल्यावर माहिती आपोआप पुढे जाईल अशी रचना आज अवघड राहिलेली नाही. ती नसेल, तर ती कुणाला गरजेची वाटली नाही एवढाच त्याचा अर्थ.

रात्रीचं तर बोलायलाच नको. डॉक्टरांची संध्याकाळची ओपीडी नऊ-साडेनऊपर्यंत चालते. शेवटची भेट झाल्यावर जतहून सांगली गाठायची, म्हणजे ८० किलोमीटरच्या पुढचा अंधारातला रस्ता, मोटरसायकलवर. त्यातही डीसीआर, म्हणजे दिवसभरातल्या भेटींचा रिपोर्ट, त्याच रात्री भरायचा. नाही भरला तर कित्येक कंपन्यांत ॲप लॉक होतं, दिवस रजेत जातो, भत्ता कापला जातो. दिवसभर राबलेला माणूस राबला नाही असं मशीन ठरवतं, आणि ते खोडायला पुन्हा त्यालाच अर्ज करावा लागतो. वाटेत साहेबाचे फोन येतात ते वेगळेच. गाडी चालवताना फोन हातात धरायचा तर फक्त रस्ता बघण्यासाठी, असं ऑक्टोबर २०२० पासून केंद्राचा नियम सांगतो. ठिपका हलताना दिसत असूनही फोन करणाऱ्या मॅनेजरला हा नियम कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

फोनने फिरस्त्याचं भलं केलेलं नाही असं नाही, भरपूर केलंय. स्टॉकिस्टकडे माल किती शिल्लक आहे हे व्हॉट्सॲपवर कळतं, तेवढ्यासाठी कराडला हेलपाटा पडत नाही. डॉक्टर आज ऑपरेशनमध्ये आहेत हे दवाखान्यातून आधीच समजलं की फलटणची फेरी वाचते. लॉजचं बिल, पेट्रोल, एसटीचं तिकीट, सगळं फोनवर. यातली कुठलीच सोय पाळत ठेवून झालेली नाही. माणसाने आपल्या कामाला लागेल तसा फोन वापरला, म्हणून त्या सोयी टिकल्या.

ही कुरकुर चार आळशी पोरांची नाही. वैद्यकीय प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाने २० डिसेंबर २०२३ ला देशभर संप केला, तेव्हाच्या मागण्यांत इलेक्ट्रॉनिक पाळत बंद करा ही मागणी होती. १९७६ साली या लोकांच्या सेवाशर्तींसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्या वेळी खिशात बसणारा पहारेकरी कुणाच्या कल्पनेतही नव्हता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला मोकळीक ठेवली आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कंपन्यांना बरंच काही करता येईल. रेंजशिवाय चालणारा फॉर्म द्या. डीसीआर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरू द्या. डॉक्टर ज्या गावी ओपीडी करतात ते गाव यादीत घाला, ते एमआरला तोंडपाठ आहे, त्याला विचारा. आणि काम मोजायचंच असेल तर डॉक्टरला औषध नीट समजलं का ते मोजा, माणूस दवाखान्यापासून किती मीटरवर उभा होता ते नको.

एरिया मॅनेजरांनो, तुमच्यातले बरेच जण याच रस्त्यांवरून बॅग घेऊन फिरलेले आहात. खंबाटकीचा चढ, पसरणीचा घाट, जतचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वरून आदेश येण्याची वाट बघू नका. रात्री दहानंतर रिपोर्ट मागणं आजपासून तुम्हीच बंद करा.