विमानांचा कुलवृत्तांत

ज्या माणसाला आपल्या पणजोबांचे नाव आठवताना छताकडे पाहावे लागते, त्याने व्हिकर्स कंपनीच्या एखाद्या व्हायकाउंट विमानाचा जन्म, नामकरण, पहिले सासर, दुसरे सासर आणि अखेरचा लिलाव हा सारा तपशील न अडखळता म्हणून दाखवावा, यात विद्वत्ता किती आणि वेड किती, याचा निर्णय मी इतरांवर सोपवतो. कारण तो माणूस मीच आहे, आणि माझ्या मते ही निखळ विद्वत्ता आहे.

या विद्येचे मूळ पीठ अर्थातच ब्रिटन. तेथे एअर-ब्रिटन नावाची संस्था १९४८ पासून विमानांची दप्तरे सांभाळीत आली आहे, आणि आपल्याकडे चिपळूण-गुहागरकडच्या घराण्यांचे कुलवृत्तांत ज्या निष्ठेने छापले जातात, त्याच निष्ठेने तेथे एकेका विमानाचे चरित्र नोंदणी-अक्षरांसह छापले जाते. इतरांनी टाकून दिलेली कॉमेट विमाने १९८० पर्यंत उडवणारी डॅन-एअर ही कंपनी १९९२ साली ब्रिटिश एअरवेजला अवघ्या एका पौंडात विकली गेली, हे सांगताना चांगले धडधाकट गृहस्थ चष्मा पुसू लागतात. ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा लोगनएअरचा प्रवास वेळापत्रकाप्रमाणे दोन मिनिटांचा. तेवढ्यासाठी बोटी आणि आगगाड्या बदलत जाणारे भाविक मला भेटले आहेत, आणि त्यांना मी हसलो नाही, कारण मनातल्या मनात हेवा करण्यात मी गुंतलेलो होतो.

या मंडळींत अधिकाराची उतरंड ठरलेली असते. विमान केवळ छायाचित्रात पाहिलेला तो उमेदवार, धावपट्टीवर पाहिलेला तो कारकून, आणि त्यातून प्रवास केलेला तो थेट सरदार. केंब्रिजजवळ डक्सफर्डच्या संग्रहालयात व्हायकाउंटच्या त्या प्रशस्त लंबवर्तुळाकार खिडक्यांखाली उभे असताना एका वृद्ध इंग्रज गृहस्थांनी, "मी व्हायकाउंटने जर्सीला गेलो होतो," असे मला सहज सुनावले, तेव्हा मी क्षणभर थांबून, आवाज शक्य तितका निर्विकार ठेवून, "मी कानपूरला बांधलेल्या ॲव्हरोतून गेलो आहे," असे उत्तर दिले. कानपूर! ॲव्हरो ७४८ या इंग्रजी घराण्याची ही भारतीय शाखा त्यांनी केवळ ग्रंथांतून वाचलेली. त्यांनी चक्क टोपी काढली. त्या प्रवासात मी आरंभापासून अंतापर्यंत कागदी पिशवीत तोंड घालून बसलो होतो आणि विमानाचे म्हणून जे काही पाहिले ते त्या पिशवीचा तळ, ही बाब मी दप्तरी दाखल केली नाही.

मग बोलणे ब्रॅबझॉनवर आले. ते यावयाचेच, आणि एकदा आले की घाई करून चालत नाही. महायुद्ध चालू असतानाच लॉर्ड ब्रॅबझॉन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसते, युद्धोत्तर ब्रिटनला कोणती प्रवासी विमाने लागतील याचा खल करते, आणि त्यातून ब्रिस्टल कंपनी फिल्टन येथे असे एक विमान घडवते की ज्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २३० फूट, म्हणजे वीस वर्षांनी आलेल्या पहिल्या जम्बोपेक्षाही ऐसपैस. ज्याला इंजिने आठ. आणि एवढ्या पसाऱ्यात उतारू किती, तर शंभर! त्यांना निजायला शय्या, जेवायला दालन, करमणुकीला सिनेमा; अटलांटिक ओलांडणारा माणूस हा लाटसाहेबच असणार, या गृहीतावर सारा जमाखर्च मांडलेला. ४ सप्टेंबर १९४९ रोजी ते उडाले, लोकांनी डोळे भरून पाहिले, एकाही कंपनीने विकत घेतले नाही, आणि १९५३ साली त्याचे तुकडे करून भंगारात काढण्यात आले. व्यवहार गुंडाळून ठेवून केवळ ऐटीखातर केलेल्या गोष्टींविषयी मला उपजत जिव्हाळा आहे. तो का, हे आमच्या घरात कोणीही सांगेल.

मात्र अलीकडे एक गोष्ट मला सुखाने बसू देत नाही. या अवाढव्य देहाला जुनी धावपट्टी अपुरी पडली. ती वाढवताना चार्ल्टन नावाचे खेडे आड आले, आणि ते पाडण्यात आले. माणसे उठून दुसरीकडे गेली. ज्याने भाडे भरलेला एकही उतारू कधी वाहिला नाही, त्या विमानासाठी! मी वाचलेल्या ग्रंथांत आठ इंजिनांच्या जुळणीला पानेच्या पाने आहेत; चार्ल्टनच्या वाट्याला एखादे वाक्य, आणि तेही धावपट्टीच्या लांबीच्या अनुषंगाने. धरणाखाली गेलेल्या गावांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ते वाक्य घशाखाली उतरत नाही. पुढे २०१२ साली फिल्टनच्या विमानतळाचाही कारभार आटोपला, आणि आता तेथे नवी वसाहत उठत आहे. ज्या भूमीवर घरे पाडून धावपट्टी झाली, तेथेच धावपट्टी जाऊन घरे. आणि वसाहतीला नाव दिले आहे ब्रॅबझॉन. गावाचे नाव तिच्या वाट्याला आले नाही.

हे सर्व मी त्या वृद्ध गृहस्थांना, संग्रहालयात शोभेल त्याहून बऱ्याच चढ्या आवाजात ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दोनदा मान हलवली, आणि म्हणाले, "अगदी खरे. आणि दुसऱ्या ब्रॅबझॉनची तर जुळणीसुद्धा पुरी होऊ दिली नाही त्यांनी. जी-एआयएमएल." मी संतापणारच होतो, परंतु ही अक्षरे माझ्या वहीत नव्हती, तेव्हा संताप तूर्त तहकूब करून मी त्यांच्याकडे पेन्सिल मागितली.