टीव्हीची पाठ दाखवा

तंजावरात जुना ट्यूबचा टीव्ही विकायला काढणारा माणूस फक्त त्याचं तोंड दाखवतो. फोनवर फोटो येतो तो समोरचा. काच पुसलेली, संच चालू, पडद्यावर सन टीव्ही. खाली किंमत आणि ‘गुड कंडिशन’. पाठीमागचा फोटो मागितला की उत्तर येतं, “पिक्चर एकदम क्लिअर आहे, सार.” पिक्चर क्लिअर असणारच, पण माझा प्रश्न पाठीमागच्या भोकांचा असतो.

आमच्याकडे कॅसेटी आहेत. मुंजी, लग्नं, रामनवमीचं कीर्तन, सगळं व्हीएचएसवर. इथल्या मराठी घरांत अशा कॅसेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतातच. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर इथल्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे कागद जपून ठेवलेत. पण आमच्या आजी-आत्या पंगतीत वाढताना काय आणि कशा बोलायच्या, ते ना दगडावर आहे, ना कागदावर. ते त्या कॅसेटींत आहे. म्हणून टीव्ही नीट निवडायचा असतो.

नव्या एलईडीवर या कॅसेटी धड दिसत नाहीत. कॅसेटीचा सिग्नल किंचित डळमळतो. जुनी पिक्चर ट्यूब ते सांभाळून घेते. नवा टीव्ही मात्र टेप जरा हलली की निळा पडदा टाकतो आणि ‘नो सिग्नल’ म्हणतो. आत्याच्या लग्नात मंगळाष्टका चालू आहेत आणि पडदा निळा! शिवाय चारास तीनचं चित्र तो सोळास नऊमध्ये ताणतो, त्यात सगळ्या बायका आडव्या पसरतात. ती सेटिंग बदलता येते, पण मेन्यूत कुठे आहे ते घरात कुणालाच माहीत नसतं. ‘डिजिटल करून घ्या’ हा सल्ला योग्य आहे, आम्ही तेही करतोय. पण कुठली कॅसेट कशाची आणि कोणती आधी द्यायची, हे ठरवायला ती आधी पाहावी लागते.

आता त्या पाठीबद्दल. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच संचांना फक्त अँटेनाचं भोक असतं. त्यातूनही व्हीसीआर चालतो, एक रिकामा चॅनेल ट्यून करावा लागतो आणि चित्रात थोड्या मुंग्या येतात. पुढच्या संचांना पिवळी पिन आली. पिवळ्यात चित्र, पांढऱ्या-लाल पिनांत आवाज. छोट्या संचांत लाल पिन नसते, कारण आवाज एकच. कॅसेटीसाठी एवढं पुरतं. काही मोठ्या संचांना चार टाचण्यांचं गोल एस-व्हिडिओ असतं आणि दुकानदार त्याचे जास्त पैसे मागतो. साध्या व्हीएचएसच्या व्हीसीआरमधून एस-व्हिडिओ निघतच नाही. ते पैसे देऊ नका.

मग हिरवी-निळी-लाल अशी तीन भोकं. ही डीव्हीडीसाठी चांगली, पण त्यांतलं लाल हे चित्राचं लाल आणि शेजारचं लाल आवाजाचं. दोन वेगळ्या कामांना एकच रंग कुणी ठरवला, कळत नाही. त्याहून त्रास देतं ते ‘आउट’. कित्येक संचांना ‘इन’ आणि ‘आउट’ अशा एकाच रंगाच्या दोन रांगा असतात आणि त्यांवरची अक्षरं काळ्यावर काळी, उठावाची, बॅटरीच्या उजेडातही न वाचता येणारी. माणूस वायर ‘आउट’मध्ये घालतो, चित्र येत नाही आणि चांगला व्हीसीआर भंगारात जातो.

रिमोटचं तर विचारूच नका. बऱ्याच संचांवर एव्हीचं, म्हणजे पिवळ्या पिनेचं चित्र पडद्यावर आणणारं, वेगळं बटण नसतं. ते रिमोटवर असतं आणि रिमोट हरवलेला असतो. काही संचांत चॅनेल शून्याच्या खाली गेलं की एव्ही येतो. हे विकणाऱ्याने सांगायला हवं, कारण त्याने तो टीव्ही वर्षानुवर्षं वापरलेला असतो. तो सांगत नाही. तो “युनिव्हर्सल रिमोट मिळतो” म्हणतो.

सेट-टॉप बॉक्सबरोबर येणाऱ्या वायरीवर माझा विशेष राग आहे. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंग. दिसायला सगळ्या वायरी सारख्या, पण त्या बारीक पिनेवरच्या कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. एकाची वायर दुसऱ्याच्या बॉक्सला लावली की पिवळ्यातून गुरगुर ऐकू येते आणि चित्र लाल पिनेत सापडतं. म्हणून टीव्ही बिघडला असं ठरवण्याआधी तिन्ही पिना आलटून-पालटून लावून पाहा.

खरं तर तमिळनाडूत ट्यूबच्या टीव्हीची अडचण पडायला नको होती. 2006 च्या निवडणुकीत करुणानिधींनी रंगीत टीव्ही मोफत द्यायचं वचन दिलं आणि 2011 पर्यंत चौदा इंची ट्यूबचे दीड कोटींहून अधिक संच घरोघरी गेले. त्यांतले कितीतरी आज भंगारवाल्याच्या ढिगात उलटे पडलेले दिसतात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची पाठ वर असते. परवा कीळवासलकडे मी असाच एक पाहिला. पिवळी पिन शाबूत, मेन वायर मात्र आतल्या तांब्यासाठी मुळापासून कापलेली.

परदेशातून आलेल्या संचाचं वेगळंच. सिंगापूरहून आणलेला आपल्याकडे जमतो, कारण चित्राची पद्धत तीच, 625 ओळींची पाल. ब्रिटनमधल्यावर अँटेनातून चित्र येतं पण आवाज येत नाही. तिथे आवाजाची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे. पिवळ्या पिनेतून तोही चालतो. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली 525 ओळींची एनटीएससी कॅसेट मात्र फक्त पाल असलेल्या संचावर काळी-पांढरी दिसते किंवा वर-खाली धावते. पाठीवरच्या लेबलवर एनटीएससी लिहिलंय का, ते वाचूनच पैसे द्या. आणि घरी आल्यावर मागचं झाकण उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. ते काम मेकॅनिकचं.

विकणाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. समोरचा फोटो नसला तरी चालेल. मागचा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढा, सगळी भोकं आणि लेबल येईल असा. रिमोट असेल तर तो शेजारी ठेवा, नसेल तर एव्हीवर कसं जायचं ते एका ओळीत लिहा. आणि ज्यांच्या घरी कॅसेटी आहेत, त्यांनी चालू स्थितीतला ट्यूबचा टीव्ही भंगारात घालण्याआधी त्या एकदा लावून पाहाव्यात.