सव्वा मिनिटाचा सोस

तब्येतीसाठी सायकल चालवतो असं सांगणाऱ्या हौशी सायकलवाल्यावर विश्वास ठेवू नये, आणि या नियमातून लेखकाला सूट नाही. तब्येतीचं गणित फार सोपं आहे, जवळजवळ अपमान वाटावा इतकं सोपं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाकडून आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची अपेक्षा करते. म्हणजे आमच्या बऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून लालबागच्या रेल्वे स्टेशनापर्यंत रमतगमत जावं, येताना पिशवीत मेथीची जुडी आणावी, असं आठवड्यातून पाच दिवस केलं की संघटना खूश, डॉक्टर खूश आणि मेथीमुळे घरचेही खूश. त्यासाठी छातीला पट्टा बांधून ठोके मोजावे लागत नाहीत, बुडाखाली गादी शिवलेली चड्डी लागत नाही, आणि डोळ्यांवर माशीसारखा दिसणारा तो गॉगल तर मुळीच लागत नाही. या दीडशे मिनिटांच्या पुढचं सगळं, म्हणजे पहाटेचे इंटरव्हल, वॉटचे आलेख, नाश्त्याला उकडलेल्या रताळ्याचं वजन करणं आणि कळस म्हणजे आठवड्याच्या मधल्याच एखाद्या संध्याकाळी घड्याळ लावून लढवायची शर्यत, हे मिरवण्याच्या खात्यात जमा होतं. माझं म्हणणं एवढंच, की ते खातं उघडपणे त्याच नावानं चालवावं. मिरवण्याची इच्छा काढून घेतली तर हा खेळ आठवडाभरसुद्धा टिकायचा नाही, आणि हे हिशेबानं दाखवता येतं.

हिशेब असा. इंग्लंडात अशा बुधवार संध्याकाळच्या शर्यतीचं रूढ अंतर दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. धरून चालू, की पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगानं जातो. त्याला बत्तीस मिनिटं लागतात. सायकल आणि स्वार मिळून वजन पंचाऐंशी किलो. या वेगाला साधारण १७० वॉट शक्ती लागते, आणि तिच्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग नुसती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती घनानं. आता समजा, या गृहस्थानं वर्षभर व्रत पाळलं: लग्नकार्यं बुडवली, पहाटे साडेचारचा गजर लावून शेजाऱ्यांचा दुवा घेतला, आणि वर्षाअखेर त्याची शक्ती दहा टक्क्यांनी वाढली. पन्नाशीच्या उंबऱ्यावर दहा टक्के म्हणजे खरं तर सत्यनारायण घालावा अशी गोष्ट. वेग किती वाढला? तीसचा एकतीसच्या किंचित पुढे. बत्तीस मिनिटांची पावणेएकतीस झाली. वर्षाची कमाई सव्वा मिनिट. एवढ्या वेळात इतवाऱ्यात कटिंग चहासुद्धा पिऊन होत नाही. असल्या परताव्यावर कुठल्याही कापडवाल्या शेटजींनी दुकान केव्हाच बंद केलं असतं. शिस्त, चिकाटी, आत्मविकास वगैरे शब्द इथे उगाच आणू नयेत. कारण चिकाटी कशासाठी धरायची हे चिकाटीला स्वतःला कळत नसतं, ते कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं. सव्वा मिनिटाला किंमत येते ती एकाच कारणानं. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाची वेळ एकतीस मिनिटं असते.

यावर पहिला आक्षेप: मिरवायला बघणारे लागतात, आणि बुधवारी संध्याकाळी आडरस्त्यावर कोण बघतं? इथे मला इंग्लंडात जावं लागेल, आणि तिथून लवकर परतायची माझी इच्छा नाही, कारण हा भाग मला फार आवडतो. १८९४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या उत्तरेच्या रस्त्यावर सायकलस्वारांचा एक जथा भरधाव चालला असताना एका बाईंच्या गाडीचा घोडा बुजला आणि मोठा गोंधळ उडाला. फ्रेडरिक बिडलेक नावाचे गृहस्थ त्या शर्यतीत होते. पोलीस आता रस्त्यावरचं हे पळणं बंद पाडणार हे ओळखून त्यांनी पुढच्याच वर्षी तोड काढली: जथ्यानं जायचंच नाही. एकेकानं, ठरावीक अंतरानं निघायचं, दुसऱ्याच्या मागे हवेच्या आडोशाला लपायचं नाही आणि शेवटी घड्याळं ताडून पाहायची. बघणाऱ्याला वाटावं, बिचारा एकटाच कुठेतरी निघालाय. पुढे तिथल्या सायकल संघटनेनं १८९७ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदीच घातली, आणि तिला न जुमानणाऱ्या मंडळांनी ही युक्ती धर्मासारखी पाळली. पहाटे, गाव जागं व्हायच्या आत निघायचं. मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे. शर्यतीच्या पत्रकावर ‘खासगी आणि गोपनीय’ असा शिक्का. रस्त्याचं नाव कुठेच लिहायचं नाही, त्याला अक्षर आणि आकडा मिळून सांकेतिक खूण द्यायची. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि इंग्रज पोलीस गल्लोगल्ली गुप्त मंडळ्या हुडकत फिरले. मायदेशात मात्र खऱ्याखुऱ्या गुप्त मंडळ्या काळे कोट घालून पहाटे रस्त्यावर घाम गाळत होत्या. या गुप्ततेचा त्यांना पुढे इतका लळा लागला, की १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्डनं सगळ्यांना एकत्र सोडून उजळमाथ्यानं शर्यत भरवली तेव्हा त्याचं कौतुक राहिलं बाजूला, संघटनेनं त्यालाच बाहेर काढलं. त्या सांकेतिक खुणा आजही चालू आहेत, लपवायला काहीही उरलं नसताना. हल शहराजवळचा व्ही ७१८ नावाचा रस्ता वेगवान वेळांसाठी ख्यातनाम आहे, आणि नुसत्या सोळा किलोमीटरसाठी माणसं अर्धा देश ओलांडून तिथे जातात. मुद्दा असा, की जे बघणारा एकही नाही अशा अंधारात, अंगभर काळं गुंडाळून, वर्षानुवर्षं सेकंदासाठी मरत राहिले, त्यांच्या मिरवण्याला प्रेक्षक लागला नाही. घड्याळ आणि दुसऱ्याचा आकडा एवढ्यावर त्यांचं भागलं. मिरवण्याचा हा सर्वात शुद्ध प्रकार म्हणावा लागेल. लग्नातलं मिरवणं याच्यापुढे फारच भेसळीचं.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे. इंग्लंडात जूनमध्ये सूर्य रात्री नवानंतर मावळतो, म्हणून कचेरी सुटल्यावर शर्यत जमते. बऱ्हाणपूर एकवीस अंश अक्षांशावर. भर जूनमध्येसुद्धा सात वाजून गेले की दिवस संपला, अर्ध्या तासात काळोख. त्यात मे महिन्यात संध्याकाळीही रस्ता तव्यासारखा. पण इथे पदार्थविज्ञान आमच्या बाजूनं उभं राहतं. हवा तापली की विरळ होते. इंग्लंडातल्या वीस अंशांच्या संध्याकाळपेक्षा आमच्या चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी ती साधारण साडेसात टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे ढकलायला तितकी कमी. एडी मर्क्सनं १९७२ मध्ये तासाभरात ४९.४३१ किलोमीटर जाण्याचा विक्रम केला, तो मुद्दाम मेक्सिको सिटीच्या उंचीवर जाऊन. तिथली हवा पाव हिश्श्याला थोडी कमी इतकी विरळ. या हिशेबानं तापीकाठच्या उन्हाळ्यात आम्हाला विमानाचं तिकीट न काढता एक तृतीयांश मेक्सिको घरपोच मिळतो. आता कुणी म्हणेल, की शरीर हे अगदीच कमी प्रतीचं इंजिन आहे, खाल्लेल्यातला जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचतो आणि बाकीच्याची उष्णता होते. चव्वेचाळीस अंशांत ती बाहेर टाकायला घामाशिवाय वाट नाही, आणि उष्माघात झालेल्या माणसाचा वेग शून्य असतो. हे सगळं खरं आहे. पण पुण्याच्या माणसाला ऐकवायला ‘एक तृतीयांश मेक्सिको’ हे फारच चांगलं वाक्य आहे.

सपाट रस्त्यावर मिरवण्याचं पोट भरत नाही, त्याला चढ लागतो, आणि आमच्याकडे असीरगड आहे: गावापासून विसेक किलोमीटर, पायथ्यापासून साडेआठशे फूट. चढावर हवेचा हिशेब मागे पडतो आणि वजनाचा सुरू होतो. पंचाऐंशी किलोतला एक कमी झाला, तर चढाची वेळ टक्का-सव्वा टक्क्यानं कमी होते. हा किलो सायकलीतून काढता येतो किंवा स्वारातून. सायकलीतून काढायला कार्बनचे भाग आणि कर्ज लागतं, स्वारातून काढायला बऱ्हाणपूरची मावा जिलबी सोडावी लागते. आम्ही कार्बन घेतो. ज्यांनी ती काळसर, जाडजूड, आतून लुसलुशीत जिलबी कढईतून निघताना पाहिलेली नाही, त्यांनी यावर बोलू नये. तासभर १५० वॉटनं पॅडल मारलं की ५४० किलोज्यूल काम होतं, आणि शरीराच्या त्या पाव कार्यक्षमतेमुळे जळणाऱ्या कॅलरी साधारण तेवढ्याच भरतात. ते ५४० पाव किलो जिलबीत व्याजासकट परत मिळतात. जागतिक सायकल संघटनेनं २००० पासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोची किमान मर्यादा घातली. स्वाराच्या पोटाला कमाल मर्यादा घालायचं तिला सुचलेलं नाही, हे तिचे उपकार. असीरगडाची घाई अकबरालाही होती. १६०० मध्ये वेढा पडला, १६०१ च्या जानेवारीत किल्ला हाती आला, आणि तोफांना दाद न देणारा दरवाजा सोन्याच्या किल्लीनं उघडला अशी कुजबूज तेव्हापासून चालू आहे. मोटारसायकलवरून फोन नेऊन सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपवर घाटाची विक्रमी वेळ लावणाऱ्यांना आम्ही शिव्या घालतो. त्यांची परंपरा थेट मोगल दरबाराला जाऊन मिळते, हे आम्हाला माहीत नसतं.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं, अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. तेही मिरवणंच का, असं विचारलं तर मी गप्प बसेन. माझा सिद्धांत सोळा किलोमीटरपर्यंतच लागू आहे.

खरा आक्षेप रस्त्याचा आहे. व्ही ७१८ वर वेळा चांगल्या लागतात त्याचं एक कारण शेजारून जाणारी जड वाहनं. ती हवा ओढत नेतात, तिच्याबरोबर सायकलस्वारही ओढला जातो. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर केळीचे ट्रक हे काम फुकट करतात, आणि एखाद्या दिवशी तेच ट्रक दुसरंही काम करतात. त्याच रस्त्याच्या कडेनं, त्याच काळोखात, बारा तासांची पाळी संपवून पावरलूमचा बुनकर घरी निघालेला असतो. वीस किलोची काळी सायकल, हँडलला डबा, मागे दिवा नाही. त्याचे कपडे बिडलेकच्या नियमात बसतात, पण त्याला लपायचं नसतं. आम्हाला ‘काय फिटनेस आहे!’ ऐकायला मिळतं, त्याला हॉर्न. आमची प्रत्येक फेरी उपग्रह मोजतो; ॲपवाल्यांनी जगभरच्या फेऱ्यांचा झळाळता नकाशा काढला, आणि अशी माहिती विकत घेऊन रस्ते आखायला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं दशकापूर्वीच सुरुवात केली. आपल्याकडच्या २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के माणसं सायकलनं कामावर जात होती. त्या झळाळत्या नकाशावर ती नाहीत. असीरगडाकडे जाणारी आमची रेघ तिथे उजळते, लूमच्या गल्ल्या अंधारात राहतात. उद्या कुणी तो नकाशा पाहून बऱ्हाणपुरात सायकलसाठी पट्टा आखला, तर तो किल्ल्याकडे जाईल, कारण आमची हौस मोजली गेली आणि त्याची गरज मोजली गेली नाही. याचा मला राग येतो, आणि त्या रागात स्वतःच्या ॲपवरची नवी विक्रमी वेळ पुसून टाकावी इतकं बळ नसतं.

तेव्हा बुधवारची शर्यत भरवायचीच, तर मिरवण्याला कामाला लावून भरवावी. मोठ्या रस्त्यावर नको, शेतांमधल्या आतल्या रस्त्यावर, एकेकानं निघून. काळे कपडे बाद, मागे लाल दिवा सक्तीचा. प्रत्येकानं खिशात एक जादा दिवा ठेवावा आणि वाटेत बिनदिव्याची सायकल भेटली की थांबून, चालवणाऱ्याची परवानगी घेऊन, तो तिच्या सीटखाली बसवावा. यात अर्धं मिनिट जाईल, म्हणजे वर्षाच्या कमाईतला चांगला मोठा हिस्सा. म्हणून दर दिव्यामागे एक मिनिट सूट द्यावी आणि कुणी किती दिवे लावले याची यादी दर गुरुवारी जाहीर करावी. ‘समाजकार्य करा’ म्हणून आम्ही एकही दिवा विकत घेतला नसता. यादी लागणार म्हटल्यावर पेटीच्या पेट्या घेऊन उभे राहू, आणि फुकटचा दिवा घ्यायला बुनकर कमी पडतायत म्हणून तक्रार करू. बक्षीस अर्थात मावा जिलबी. त्यावरून वाद होणार हे मला दिसतंय. सोळा किलोमीटर वेगानं जाणाऱ्यानं हवेविरुद्ध जास्त काम केलेलं असतं, त्यामुळे शास्त्रानुसार जिलबीवर त्याचा हक्क जास्त, आणि सावकाश येणाऱ्यानं तेच अंतर कमी ऊर्जेत उरकलेलं असतं. पण सावकाश येणारा उकाड्यात अधिक वेळ असतो, त्याचा घाम कुणी मोजत नाही, आणि आधी पोचलेल्यांनी परात संपवण्याचा धोकाही त्यालाच. हा मुद्दा समितीपुढे लेखी मांडायची माझी तयारी आहे.